सीएनजी गाडीच्या टॅपेटचा आवाज येत नाही, मग सेटिंग कशाला?

तुमची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी सीएनजीवर ७० हजार किलोमीटर चालली आहे. सकाळी ठणठणीत सुरू होते, पण इंजिन तापलं की उभ्या जागी थरथरते आणि चढावर ओढत नाही. टॅपेट वाजत नाहीत, म्हणून मेकॅनिक म्हणतो हात लावू नका. त्याचं बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते नाही. टॅपेट म्हणजे कॅमचा (फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याचा) धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा भाग. तो वाजतो म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हमध्ये मुद्दाम ठेवलेली बारीक फट जास्त झाली आहे. त्याने कॅम आणि रॉकर (कॅमने हलणारी, व्हॉल्व्ह दाबणारी पट्टी) झिजतात, पण गाडी चालत राहते. फट संपलेला टॅपेट मात्र अगदी गप्प असतो आणि खरं नुकसान तोच करतो.

क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत कॅमशाफ्ट, म्हणजे कॅमचा दांडा, एकदा फिरतो. म्हणजे ३००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. जळलेला धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत्या वायूत उभा असतो. त्याची बरीचशी उष्णता तो सीटवर (व्हॉल्व्ह मिटल्यावर टेकतो त्या कड्यावर) टेकलेला असताना सीटमधून हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, उतरते. तापल्यावर दांडी लांबते, म्हणून थंड इंजिनात थोडी फट ठेवलेली असते. ती संपली की व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, उष्णता उतरायला वाट उरत नाही, कडेने गरम वायू निसटतो आणि काठ जळायला लागतो. इंजिन थंड असताना ठीक, तापल्यावर थरथर, हे लक्षण इथूनच येतं.

आता झिजेने फट वाढायला हवी, ती कमी कशी होते? व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुततो. जेवढा तो आत रुततो, तेवढं दांडीचं टोक कॅमकडे सरकतं. सीएनजी कोरडा असतो, त्यामुळे सीटवर संरक्षक थर फारसा बसत नाही आणि रुतणं लवकर होतं. शिसं असलेल्या पेट्रोलमध्ये शिशाचाच थर सीट वाचवायचा. ते पेट्रोल भारतात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. तेव्हापासून सगळी भिस्त सीटच्या कडक धातूवर आहे.

आधी तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे) आहेत का ते मॅन्युअलमध्ये बघा. असतील तर सेटिंग नसतंच, तिथे ऑइलची ग्रेड, लेव्हल आणि स्वच्छता सांभाळायची. सुरू करताना ते काही सेकंद वाजले तर घाबरू नका.

स्क्रूवाले रॉकर असतील तर काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करा, गाडी रात्रभर उभी असली की उत्तम. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्लग काढले की इंजिन हाताने हलकं फिरतं. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून चालायच्या दिशेनेच फिरवा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल, तर एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना सर्वांत वर, आणून १ चे सगळे, २ चे इनलेट (इंधन-हवा आत घेणारे) आणि ३ चे एक्झॉस्ट मोजता येतात. क्रँकचा एक पूर्ण फेरा दिला की ४ चे सगळे, ३ चे इनलेट आणि २ चे एक्झॉस्ट. गोंधळ वाटला तर साधी खूण लक्षात ठेवा: ज्या व्हॉल्व्हचं मोजायचं, त्याच्या कॅमचं नाक रॉकरपासून दूर असलं पाहिजे.

फिलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्यांची) पट्टी फटीत हलकी खेच देत सरकली पाहिजे. नेमका आकडा मॅन्युअलचाच घ्या. लॉकनट आवळताना स्क्रू जरासा फिरतो आणि फट बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. बरीचशी सेटिंग इथेच बिघडतात. चालू इंजिनावर कानाने ‘आवाज बंद होईपर्यंत’ आवळणाऱ्याला तर हातच लावू देऊ नका.

बकेट (व्हॉल्व्हवर बसणारी वाटी) आणि शिम (फट जुळवणारी चकती) असलेल्या इंजिनात स्क्रू नसतो, जाडी बदलावी लागते. जुन्या शिमच्या जाडीत मोजलेली फट मिळवा आणि हवी असलेली फट वजा करा. समजा शिम २.८० मिमी, फट निघाली ०.१८ आणि हवी ०.३०. मग २.८० + ०.१८ − ०.३० = २.६८, म्हणजे त्याच्या सर्वांत जवळची शिम. शिम किंवा बकेट बदलायला बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट काढावा लागतो, म्हणून आधी सगळ्या फटी लिहून घ्या आणि मगच खोला.

फट बरोबर करूनही थरथर राहिली तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तसाच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर. लीकडाउन टेस्टमध्ये (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते बघताना) हवा सायलेंसरमधून फुसफुसली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय हे नक्की. मग हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीटचं काम करणं आलं, नुसत्या सेटिंगने भागत नाही.

एक वेगळी गोष्ट: सीएनजीचे इंजेक्टर स्वतःच टकटक करतात आणि तो आवाज लोक टॅपेटचा समजतात. स्विचने पेट्रोलवर घ्या, टकटक बदलली तर ती इंजेक्टरची.

झाकण लावताना टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवीनच घाला. जुनं कडक झालेलं असतं आणि ऑइल प्लगच्या खड्ड्यात उतरतं. पुढे सीएनजीवर दर ४० हजारांना फट मोजून घ्या आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा वहीत ठेवा. ०.३० वर लावलेला एक्झॉस्ट ४० हजारांत ०.१८ वर आला असेल, तर पुढच्या ४० हजारांत तो ०.०६ च्या आसपास जाईल. अशा व्हॉल्व्हला ४० हजारांची वाट न बघता २० हजारांनाच मोजा.