रात्री दोन वाजता बेल वाजवली तर कोण येतं?

‘मॅडम, जागा बघून आलो. छान आहे. पण आई-बाबांना तिथे नीट बघतील ना, हे आधी कसं कळायचं?’

घरातल्या ज्येष्ठांबद्दल सल्ला विचारायला येणारी कुटुंबं हल्ली मला हा प्रश्न फार विचारतात. पूर्वी लोक अडखळत विचारायचे, की आई-वडिलांना वृद्धाश्रमात ठेवावं का, नातेवाईक काय म्हणतील. आता पुणे, ठाणे, नाशिक, तळेगाव, कर्जत, सगळीकडे ज्येष्ठांसाठीच्या वसाहती झाल्या आहेत. ओळखीतलं एखादं जोडपं स्वतःहून तिकडे राहायला गेलेलं असतं, त्यामुळे लाज बरीच कमी झाली आहे. निवड कशावरून करायची, हे मात्र अजून कोणाला नीटसं ठाऊक नाही. मग माणसं बागा मोजतात.

एका कुटुंबाबरोबर मी हे सगळं पहिल्यापासून पाहिलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते.

काका ऐंशीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आठ वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे हालचाली मंद आणि ताठर करणारा मेंदूचा आजार. काकू पंच्याहत्तरच्या, दोन्ही गुडघे दुखरे. घर पेठेतल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगी कोथरूडला राहते, बँकेत नोकरी. मुलगा न्यू जर्सीत. ब्युरोकडून दिवसाची मावशी ठेवून झाली होती, ती टिकली नाही. रात्रीसाठी एक माणूस मिळाला, तो काकांच्या आधी झोपायचा. एका पहाटे बाथरूममध्ये काकांना सावरताना काकूही पडल्या, आणि मुलांनी ठरवलं की आता पुरे.

मुलाने तिकडे बसून एक एक्सेल शीट केलं होतं. स्विमिंग पूल, जिम, छोटं थिएटर, मंदिर, वाचनालय, वाय-फाय, जेवणाचा मेन्यू, विमानतळापासूनचं अंतर, प्रत्येकाला गुण. सर्वांत जास्त गुण पडलेली जागा शहराबाहेर टेकडीच्या कुशीत होती. मुलीला ती पटत नव्हती, पण का पटत नाही हे तिला सांगता येत नव्हतं. ‘रकाने भरायला तुझं काय जातं,’ एवढंच ती भावाला व्हिडिओ कॉलवर म्हणाली आणि रडायला लागली. काकू गप्प. काका काहीतरी बोलले, पण या आजारात आवाज बारीक होतो, कोणाला ऐकू गेलं नाही.

मी शीट बाजूला ठेवायला सांगितलं आणि काकूंना विचारलं, ‘काल रात्री दहापासून सकाळी दहापर्यंत काय काय झालं, ते सांगता?’

त्यांनी सांगितलं. साडेदहाला झोपवलं. साडेबाराला लघवीला उठवलं. दोनला पुन्हा. दारापाशी काकांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, मग त्या ‘एक, दोन, एक, दोन’ म्हणतात आणि ते पाऊल उचलतात. ओढलं की पडतात, हे त्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेत शिकल्या होत्या. साडेचारला कूस बदलून दिली, कारण ती त्यांना स्वतःला बदलता येत नाही. सहाला पहिली गोळी. ती पोट रिकामं असताना घ्यायची, अर्ध्या तासानंतर चहा-नाश्ता. मग दहा, दोन, सहा अशा पुढच्या गोळ्या. अर्धा-पाऊण तास उशीर झाला, की शरीर लाकडासारखं होतं आणि पुढचा सगळा दिवस बिघडतो. डाळ-पनीर-अंड्याबरोबर गोळी गेली तर ती नीट लागत नाही, म्हणून जास्त प्रथिनांचं जेवण त्या गोळीच्या वेळेपासून लांब ठेवतात.

मुलगा स्क्रीनवरून म्हणाला, ‘आई, हे तू कधी सांगितलं नाहीस.’ काकू म्हणाल्या, ‘कोणी विचारलं नाही रे.’

शीटमध्ये यातल्या एकाही गोष्टीला रकाना नव्हता. माझ्या मते पुढचं सगळं काम इथून सुरू झालं. घरी एक वही करायला लावली. चोवीस तासांत काकांना केव्हा, कशासाठी दुसऱ्या माणसाचा हात लागतो, एवढंच तिच्यात लिहायचं. आठवडाभरात ती भरली. जागा बघायला जाताना हातात माहितीपत्रक घेऊन जाऊ नका, ही वही घेऊन जा, असं सांगितलं.

इथे जरा थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलते. माहितीपत्रकावरचा तो निळा पूल आजीसाठी नसतो, तो मुलांसाठी असतो. आई-वडिलांना दुसरीकडे ठेवताना मनात जी टोचणी असते, तिच्यावर तो फुंकर घालतो. जागा जितकी देखणी, तितकं आपण कमी अपराधी. मुलाला मी हे तसंच सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, ‘फोटो बघून मला खरंच झोप लागली होती.’ अपराधीपणाने माणूस वाईट होत नाही, पण त्या भरात तो चुकीच्या गोष्टी मोजतो. मुलीचंही वेगळं नव्हतं. तिला कुठलीच जागा पसंत पडणार नव्हती, कारण पसंत पडली असती तर बाबांना खरंच पाठवावं लागलं असतं. हे तिच्याशी स्वतंत्रपणे बोलावं लागलं, आणि त्याला दोन बैठका लागल्या.

टेकडीजवळच्या जागेत मुलगी आणि काकू आधी ठरलेल्या वेळी गेल्या. चकचकीत स्वागत, सरबत, हसरी मुलगी माहिती द्यायला. मग माझ्या सांगण्यावरून एका रविवारी संध्याकाळी न कळवता गेल्या. जेवणाची वेळ, मॅनेजर रजेवर. अशा वेळी जागा जशी असते तशी दिसते. रात्री किती माणसं असतात, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘सिक्युरिटी चोवीस तास आहे आणि नर्स ऑन कॉल असते.’ काकूंनी सरळ विचारलं, ‘ऑन कॉल म्हणजे ती झोपते कुठे?’ ती गावात राहत होती. गोळ्या वाटायच्या वेळा आठ, दोन आणि आठ, सगळ्यांना एकच. सहाची गोळी कोण देणार, याला कोणाकडे उत्तर नव्हतं. ही जागा वाईट होती असं मी म्हणणार नाही. स्वतःचं स्वतः करणाऱ्या पासष्टीच्या जोडप्याला ती फार आवडली असती. काकांसाठी ती नव्हती, इतकंच.

दुसरी जागा शहरातच, एका ट्रस्टची. रंग उडालेला, वाचनालय म्हणजे दोन कपाटं. तिथे जाताना मी त्यांना बघायच्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा माणसांच्या अंगावर दिसणाऱ्या होत्या. जे अंथरुणाला खिळलेत त्यांची नखं कापलेली आहेत का. चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का. श्रवणयंत्र कानात आहे की ड्रॉवरमध्ये. पाण्याचा पेला हात पोचेल असा ठेवलाय का. कोणाला खुर्चीला बांधून ठेवलंय का. दुपारी चारला अर्धी माणसं गुंगीत आहेत का. लघवीचा वास तर वाईटच, पण फिनेलचा अति वास आला तरी मी सावध होते. बाथरूममध्ये जाऊन बघा: दार बाहेर उघडतं का (माणूस आतून दाराला टेकून पडला तर आत ढकलून उघडायचं दार उघडत नाही), आणि बेलची दोरी जमिनीपर्यंत येते का. पडलेल्या माणसाला भिंतीवरचं बटण काय कामाचं? मग बेल दाबा आणि घड्याळ बघा.

काकूंनी बेल दाबली. एक मावशी हात पुसत आल्या, आणि आधी शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना नावाने हाक मारून ‘आलेच हां’ म्हणाल्या. त्या तिथे सात वर्षं होत्या. मला स्वतःला हे सात वर्षांचं उत्तर कुठल्याही थिएटरपेक्षा महत्त्वाचं वाटतं. कमी पगार आणि बारा-बारा तासांची पाळी असली की माणसं टिकत नाहीत. दर महिन्याला नवीन चेहरा आला, तर काकांना दारापाशी ओढायचं नाही, मोजायचं, हे कोण लक्षात ठेवणार? म्हणून विचारावं: मावशी थेट तुमच्याकडे नोकरीला आहेत की एजन्सीच्या? किती दिवस झाले? आणि आपल्याकडचा खास प्रश्न, गणपतीत आणि दिवाळीत किती जणी गावाला जातात, आणि त्यांच्या जागी कोण येतं?

आणखी एक प्रश्न मी सगळ्यांना विचारायला लावते. गेल्या वर्षात इथे किती जण पडले? ‘कोणीच नाही’ असं उत्तर आलं तर मी तिथे माणूस ठेवणार नाही. म्हातारी माणसं पडतात. न पडणारी जागा नसते, न लिहिणारी असते. या ट्रस्टच्या सिस्टरनी नावं झाकून रजिस्टर दाखवलं: कोण, किती वाजता, कुठे, नंतर काय बदललं. एका नोंदीपुढे लिहिलं होतं, ‘पलंगाची उंची कमी केली.’ अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलल्याच्या सह्याही होत्या. सह्या एकदमच बसून केलेल्या असू शकतात, हे खरं. म्हणून सह्यांबरोबर पाठही बघायला मिळाली तर बघावी (कूस बदलली जात नसेल तर तिथे जखमा होतात), अर्थात त्या माणसाची आणि घरच्यांची परवानगी असेल तर.

कायद्याबद्दल मुलाने विचारलं. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, 2024 साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. दारं किमान 900 मिलिमीटर रुंद हवीत, स्ट्रेचर जाईल अशी लिफ्ट हवी, न घसरणाऱ्या फरशा, बाथरूममध्ये धरायला दांडे, वगैरे. फ्लॅट विकत घेत असाल तर हे टेप घेऊन मोजून बघावं. पण हा भर मुख्यतः इमारतीवर आहे. रात्रीची मावशी त्यातून मिळत नाही, ती तुमच्या करारातून मिळते. म्हणून करारात काय लिहिलंय ते बघायचं. दरमहाची रक्कम दरवर्षी किती वाढणार. डिपॉझिटमधून किती कापणार आणि उरलेलं किती दिवसांत परत. दवाखान्यात दाखल असताना खोलीचे पैसे चालू का. ॲम्ब्युलन्समध्ये बरोबर कोण बसणार, दवाखान्याचं आगाऊ डिपॉझिट कोण भरणार. आणि सर्वांत कळीचं म्हणजे आजार वाढला, नळीने भरवायची वेळ आली किंवा विस्मरण सुरू झालं, तर इथेच ठेवणार की ‘घेऊन जा’ म्हणणार? पार्किन्सन्स हा वाढत जाणारा आजार आहे. आजच्या काकांसाठी जागा शोधून भागत नाही, तीन वर्षांनंतरच्या काकांसाठीही ती चालायला हवी.

काकूंच्या डोक्यात वेगळंच होतं. पेठेतलं घर विकून डिपॉझिट भरू, उरलेलं मुलांच्या नावावर करू. मी म्हटलं, घाई कशाला? आधी महिनाभर राहून बघा, घराला कुलूप लावून. नावावर करायचंच असेल तर वकिलाला विचारून करा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मागता येते, पण त्यासाठी ती अट कागदावर असलेली बरी. मुलं चांगली आहेत हे काकूंनी मला दोनदा सांगितलं. मलाही ती चांगलीच वाटत होती. कागद तरीही लागतो.

या सगळ्यात काकांना कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यांच्याशी मी गोळी लागू पडलेल्या वेळेत, सकाळी अकराला, शेजारी बसून बोलले. त्यांना पूल नको होता, भजनही नको होतं. त्यांचा एकच प्रश्न होता, ‘खोलीची किल्ली कोणाकडे?’ आपल्याला हवं तेव्हा बाहेर पडता येणार का, आणि आत यायच्या आधी लोक दार वाजवणार का. ट्रस्टकडे हा प्रश्न गेला तेव्हा ते जरा गडबडले. अशी विचारणा त्यांना फारशी होत नसावी. शेवटी ठरलं की एक किल्ली काकांकडे, एक सिस्टरकडे, आणि दार वाजवूनच आत यायचं.

मुलाला वाटत होतं की आपण लांब, आपल्या हातात फक्त पैसे पाठवणं. मी त्याला घड्याळ बघायला सांगितलं. पुण्यात रात्रीचे दोन म्हणजे न्यू जर्सीत आदल्या दिवशीची दुपार. रात्री काही झालं तर या घरातलं त्या वेळी जागं असणारं माणूस तोच. तेव्हा रात्री अकरा ते सकाळी सहा पहिला फोन त्याला करायचा आणि गरज असेल तरच त्याने बहिणीला उठवायचं, असं संस्थेला लेखी दिलं. मुलीने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा फोन सायलेंटवर टाकून झोपायला सुरुवात केली. भावाबहिणीचं भांडण मिटलं ते माझ्या बोलण्याने नाही, या एका व्यवस्थेने.

महिनाभराच्या मुक्कामात दोन वेळा सहाची गोळी उशिरा दिली गेली. काकूंनी वहीत लिहिलं, सिस्टरना दाखवलं, आणि काकांच्या पलंगापाशी वेळांचा वेगळा कागद लागला. पुढे चूक झाली नाही असं नाही, पण झाली की ती कळवली जाऊ लागली. काकूंची स्वतःची तक्रार आमटीबद्दल आहे. फार गोड असते म्हणतात, आणि पेठेतली बाई असं म्हणते म्हणजे ती खरंच गोड असणार. त्या जेवणाच्या कमिटीत शिरल्या आहेत. नळीने भरवायची वेळ आली तर काय, या कलमावर मात्र ट्रस्टने अजून ‘परिस्थिती पाहून’ असंच लिहून दिलंय. मुलीला ते मान्य नाही. सहा महिन्यांनी कराराचं नूतनीकरण आहे, तेव्हा ती ते कलम बदलून मागणार आहे, आणि तोवर पेठेतलं घर विकायचं नाही असं चौघांनी मिळून ठरवलंय.

अशा निर्णयात घरात बोलणंच अडलं असेल तर 14567 या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर, एल्डरलाइनवर, फोन करता येतो. फोन मुलांनीच करायला हवा असं काही नाही. आई-वडीलही करू शकतात.