अंगपे

"मॅडम, घरी मराठी, शाळेत इंग्लिश. पोराचा पार गोंधळ झालाय. एकच भाषा ठेवू का?"

कोपरखैरण्याच्या माझ्या छोट्याशा क्लिनिकमध्ये हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा येतोच. सोहमच्या आईनेही तोच विचारला. (नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

सोहम सातवीत, इंग्रजी माध्यमात. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, गाव वाई तालुक्यात, घर घणसोलीत. वर्गात फारसं बोलत नाही, संध्याकाळी खाली खेळायला जात नाही, ही तक्रार. पालकसभेत बाईंनी सांगितलं होतं, "घरी इंग्लिशच बोला, सुधारेल." चार महिने ते इमानेइतबारे पाळलं जात होतं.

शाळेची चिठ्ठी इंग्रजीत होती म्हणून मीही इंग्रजीतच सुरुवात केली. चूक माझीच. 'येस', 'नो', 'ओके'च्या पुढे गाडी सरकेना आणि मी वहीत 'भाषाविकास मागे?' असं लिहूनही टाकलं. दुसऱ्या भेटीत सहज त्याच्या वाईकडच्या जत्रेचं विचारलं, "बावधनचं बगाड बघितलंस का रे?" मग मात्र गडी सुटला. बैल कसे जुंपतात, मामा कुठे उभा असतो, गर्दीत चप्पल कशी हरवली, त्यावर आजी काय म्हणाली... "लई हुंदडतुयास, बांधून घालीन तुला!" दहा-बारा मिनिटं पोरगा थांबला नाही. वहीतली ओळ मी खोडली.

"मग खाली का जात नाहीस?" यावर तो बराच वेळ बुटाची लेस ओढत बसला. बिल्डिंगखाली पोरं हिंदीत खेळतात. एकदा चेंडू लागला तेव्हा हा ओरडला, "बॉल मेरे अंग पे आया!" 'अंगावर आला'चं त्याने केलेलं सरळसोट हिंदी. सगळे हसले, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'अंगपे'. "अंगपे, बॉलिंग डाल." "अंगपे आऊट." बाराव्या वर्षी हे किती लागतं ते आपण मोठे विसरून गेलेलो असतो. हे खाली घडलं, पण त्याने वर्गातही तोंड मिटून घेतलं.

"आणि घरी?"

"आई फक्त ऑर्डर देते."

आईला बोलावलं. तिचं इंग्रजी म्हणजे कम, ईट, होमवर्क, स्लीप. "रागवायपुरतं येतं मॅडम. डोक्यावरून हात फिरवताना काय बोलायचं ते येत नाही, मग गप बसते." म्हणजे 'अंगपे'ची गोष्ट ज्या घरात बाहेर पडली असती, ते घरच चार महिने मुकं होतं. बाईंचा हेतू चांगला असेलही, पण असला सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं.

दोन भाषांनी डोक्यात गोंधळ होतो ही समजूत जुनीच. 1962 मध्ये पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियलमधली दहा वर्षांची मुलं तपासली, तर फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुलं बुद्धिमापन चाचण्यांत एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा सरस निघाली. निवडलेली मुलंच जरा जास्त तयारीची होती अशी टीका नंतर झाली, ती रास्तही आहे. त्यामुळे 'दोन भाषा म्हणजे जास्त हुशारी' असंही मी कोणाला सांगत नाही. पालकांना मी एकच विचारते: अडखळणं एकाच भाषेत आहे की सगळ्याच? घरच्या भाषेतही साधी गोष्ट सांगता येत नसेल किंवा येत असलेलं बोलणं कमी होत चाललं असेल, तर आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्टकडे जा. घरी बडबड आणि शाळेत महिना उलटला तरी चकार शब्द नाही, असं असेल तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सोहम विचारलं की पुटपुटून का होईना, उत्तर द्यायचा.

घरी मराठी त्याच रात्री परत आली. वर्गाचा प्रश्न बाईंशी बोलून थोडा हलका झाला. सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावणं तूर्त थांबलं. खेळाच्या बाबतीत मात्र मी सपशेल आपटले. चिडवणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं याची आम्ही दोन भेटी तालीम केली. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, असं कोणी बोलत नाही."

खरंच होतं. मग अख्ख्या टोळीचा नाद सोडून विचारलं, त्यातला कमी त्रास देणारा कोण? वरच्या मजल्यावरचा जिबिन. घरी मल्याळम, हिंदी त्याचंही कामचलाऊ. सोहमने त्याला फक्त कॅरम खेळायला घरी बोलवायचं, एवढंच ठरलं. पहिल्या रविवारी आला नाही. दुसऱ्या रविवारी आला आणि जेवूनच गेला.

दोन महिन्यांनी सोहम भेटला तेव्हा गुडघा फुटलेला होता. अजून 'अंगपे' म्हणतात का, मी विचारलं.

"म्हणतात की. पण जिबिन परवा 'मेरा मम्मी आया' बोलला, आता त्याला 'मम्मी आया' म्हणतात."

"तू पण?"

"मीच सुरू केलं."