एच११० बोर्डवर आय५-९४००एफ बसेल का? आणि कमी खर्चात अपग्रेड करायचं तर कोणते पार्ट एकमेकांशी जुळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आय५-६५००, एच११० चिपसेटचा (बोर्डवरचे बाकीचे भाग प्रोसेसरशी जोडणारी चिप) मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, १ टीबी हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड नाही, एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) जुनाच. ऑफिसचं काम, थोडं व्हिडिओ एडिटिंग, अधूनमधून गेम. मित्र म्हणतो सेकंडहँड आय५-९४००एफ घे, सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) तोच आहे.

सॉकेटमध्ये बसेल, पण मशीन चालू होणार नाही. इंटेल प्रोसेसरची सहावी-सातवी (तुमचा ६५००) आणि आठवी-नववी (९४००एफ) जनरेशन, या दोन्ही जोड्यांचा सॉकेट नावाला एलजीए ११५१ च आहे. पण आठव्या जनरेशनपासून इंटेलने राखीव ठेवलेल्या काही पिना वीजपुरवठ्याला दिल्या, आणि हे प्रोसेसर फक्त ३०० सिरीजच्या चिपसेटवर चालतात. बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) मॉड करून चालवल्याचे व्हिडिओ दिसतील. ज्या मशीनवर रोजचं काम आहे तिथे त्या नादाला लागू नका. शिवाय नावातला ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. तुमच्याकडे कार्ड नसल्यामुळे प्रोसेसर चालला असता तरी डिस्प्ले आलाच नसता.

या बोर्डवर जास्तीत जास्त आय७-७७०० जाईल, तोही बायोस अपडेट केल्यावर. मी तो घेणार नाही. कोर चारच राहतात, थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) चारचे आठ होतात, एवढीच मिळकत, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे बहुतेक प्रोसेसर आठव्या जनरेशनपासून पुढचे आहेत, ७७०० त्यात नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे प्रोसेसरवर घातलेले पैसे या बोर्डबरोबरच अडकणार.

म्हणून प्रत्येक पार्टला एकच कसोटी लावा: आज घेतलेली वस्तू पुढच्या बोर्डवर जाईल का? एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागची वेगवान डिस्क) जाते, डीडीआर४ रॅम जाऊ शकते, चांगला एसएमपीएस जातो, ग्राफिक्स कार्ड जातं. प्रोसेसर जात नाही.

काहीही घेण्याआधी बोर्डचं नेमकं मॉडेल काढा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, ‘एमएसइन्फो३२’ टाइप करा (इंग्रजी अक्षरांत, अर्थात) आणि ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ ही ओळ वाचा. बायोसची आवृत्तीही तिथेच दिसते. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा. प्रत्येक प्रोसेसरपुढे कोणत्या बायोसपासून तो चालतो हे दिलेलं असतं. दुकानदाराच्या ‘चालतंय हो’ पेक्षा ही यादी खरी.

पहिला खर्च एसएसडीचा. हार्ड डिस्कवरून आलात की मशीन बदलल्यासारखंच वाटेल. तुमच्यासाठी २.५ इंची साटा (केबलने जोडायची) एसएसडी बरी, वेग सेकंदाला साधारण ५५० एमबी. एम.२ (बोर्डवरच्या स्लॉटमध्ये थेट बसणारी छोटी एसएसडी) दिसली म्हणून लगेच उचलू नका. एच११० च्या पुष्कळ बोर्डांवर एम.२ स्लॉटच नसतो, आणि असला तरी या चिपसेटच्या लेन (डेटाचे मार्ग) जुन्या पीसीआयई २.० च्या आहेत, त्यामुळे वेगवान एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी एसएसडी) तिथे पूर्ण वेगाने पळत नाही. एम.२ हा फक्त आकार आहे, हेही लक्षात ठेवा. त्याच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही; काही स्लॉट फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई. आणखी एक: बऱ्याच बोर्डांवर एम.२ भरला की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि लोक मग ‘हार्ड डिस्क गेली’ म्हणून केबली बदलत बसतात.

रॅम. तुमच्या बोर्डला दोन स्लॉट, कमाल ३२ जीबी. सध्या एकच स्टिक असल्यामुळे मेमरी सिंगल चॅनेलवर (एकाच मार्गावर) चालतेय, आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच मेमरी वापरतं, म्हणजे दुहेरी तोटा. ३२०० मेगाहर्ट्झची ८ जीबीची स्टिक घेतली तर इथे ती २१३३ वर चालेल, कारण सहाव्या जनरेशनची मर्यादा तेवढीच. तरी ३२०० च घ्या, नव्या बोर्डवर तिचा उपयोग होईल. दोन वेगांच्या स्टिक एकत्र लावल्या तर दोन्ही हळूच्या वेगाने चालतात, त्यामुळे पैसे पुरत असतील तर ८-८ ची जोडी घेऊन जुनी स्टिक विकलेली चांगली. ऑनलाइन फार स्वस्तात १६ जीबी दिसली तर वर्णन नीट वाचा. ‘रजिस्टर्ड’ किंवा ‘आरडिम’ असेल तर ती सर्व्हरची रॅम. साध्या डेस्कटॉपवर मशीन सुरूच होत नाही.

इथपर्यंतच्या खर्चाने ऑफिसचं काम सुखाने चालेल. एडिटिंग आणि गेमसाठी मात्र बोर्ड आणि प्रोसेसर एकदमच बदलावे लागतील, त्यासाठी दोन रस्ते आहेत.

एक, इंटेलचा एलजीए १७००: आय५-१२४०० आणि एच६१० किंवा बी६६० बोर्ड. तुम्हाला मी हाच सुचवेन, पण ‘एफ’ नसलेला. त्यातलं ग्राफिक्स व्हिडिओ एन्कोडिंगला कामी येतं आणि कार्ड येईपर्यंत डिस्प्लेची सोय होते. बोर्ड मात्र जपून घ्या. एकाच नावाचा बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन प्रकारांत मिळतो, आणि पुष्कळदा फरक फक्त नावाच्या शेवटच्या ‘डी४’ एवढाच असतो. दोन्हींच्या स्टिकला २८८ पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी. खरेदी केलेली रॅम बसत नाही असं झालं तर जोर लावू नका, चुकीचा बोर्ड आलाय. जुना कूलरही इथे बसणार नाही. कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमीचं ७८ झालंय. बॉक्स पॅक १२४०० सोबत कूलर येतो, ट्रे (बॉक्सशिवाय सुट्या) प्रोसेसरसोबत येत नाही.

दोन, एएमडीचा एएम४: रायझन ५ ५६०० आणि बी४५०, बी५५० किंवा ए५२० बोर्ड. तुमची डीडीआर४ रॅम इथेही चालते. ५६०० ला ग्राफिक्स नाही, ५६००जी ला आहे, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आणि पीसीआयई फक्त ३.०. कार्ड घेणार हे नक्की असेल तर ५६००, नसेल तर जी. बी४५० वर जुना बायोस असला तर ५००० सिरीज चालू होणार नाही, म्हणून बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करणारं) बटण असलेला बोर्ड पाहा किंवा दुकानातून अपडेट करूनच घ्या. एएम५ च्या नादी सध्या लागू नका, तिथे फक्त डीडीआर५ चालते.

आता एसएमपीएस. कमी खर्चाच्या अपग्रेडमध्ये सगळ्यात दुर्लक्षित पार्ट हाच, आणि गेम सुरू करताच मशीन रीस्टार्ट होतं तेव्हा पहिला संशय यावरच घ्यावा. कॅबिनेटची बाजू उघडून त्याच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट आणि खाली १२ व्होल्टला १८ अँपिअर असेल, तर प्रोसेसर-कार्डच्या वाट्याला २१६ वॅटच येतात. १२ व्होल्टच्या दोन ओळी असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका, एकत्रित वॅटचा आकडा शेजारी दिलेला असतो.

ग्राफिक्स कार्डला स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या केबलने आणखी ७५, ८ पिनच्या केबलने १५०. एसएमपीएस बदलायचा नसेल तर केबल न लागणारं कार्ड घ्या: आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल, ७० वॅट. याच नावाचं ८ जीबी मॉडेल वेगळं आहे, त्याला केबल लागते. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी तुमच्या कामाला नकोत. दोन्ही फक्त चार लेनवर चालतात, त्यामुळे पीसीआयई ३.० बोर्डवर मार खातात, आणि व्हिडिओ एन्कोडर त्यांच्यात नाहीच.

साटा केबलवरून ६ पिन बनवणारा अडॅप्टर मिळतो, तो लावू नका. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. त्यावर ७५ चा भार टाकला की प्लास्टिक वितळतं. मॉड्युलर (केबली वेगळ्या होणारा) एसएमपीएस घेतलात तर जुन्याच्या केबली नव्याला जोडू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि एसएसडी जळू शकते.

मशीन ब्रँडेड असेल तर वेगळा हिशोब. डेल, एचपी, लेनोवोच्या बऱ्याच ऑफिस मॉडेलमध्ये नेहमीचा २४ पिन कनेक्टर नसतो आणि बोर्डही नेहमीच्या मापाचा नसतो. नवा बोर्ड घेताना कॅबिनेट आणि एसएमपीएसही धरूनच चाला.

जोडताना: बोर्डखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्डला आधार देणारे छोटे खांब) बोर्डच्या भोकांशी जुळवा, फाजील एखादा राहिला तर मागून शॉर्ट होतो. २४ पिनबरोबर सीपीयूची ४ किंवा ८ पिनची केबलही लावा. ती राहिली की पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही.

जुनी विंडोज तशीच नव्या बोर्डवर न्यायची असेल तर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्क एमबीआर (जुनी मांडणी) आहे का ते आधी बघा. नव्या इंटेल बोर्डवर प्रोसेसरचंच ग्राफिक्स वापरताना लेगसी बूट (जुन्या पद्धतीने विंडोज सुरू करणं) चालत नाही. बॅकअप घेऊन जुन्याच मशीनवर विंडोजच्या एमबीआर२जीपीटी कमांडने डिस्कची मांडणी जीपीटीत बदलून घ्या. जुन्या बोर्डलाही मग बायोसमध्ये यूईएफआय बूट (नवी पद्धत) निवडावं लागेल. ब्रँडेड मशीनसोबत आलेलं लायसन्स मात्र जुन्या बोर्डला बांधलेलं असतं, नव्या बोर्डवर विंडोज अ‍ॅक्टिव्हेशन मागेल. तो खर्च आत्ताच बजेटमध्ये धरा.