कॅटरपिलर डी२ या साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरचं पेट्रोल स्टार्टिंग इंजिन जाम झालंय, पूर्ण खोलावं का?

हो, पूर्णच खोला. 1938 ते 1957 दरम्यान बनलेल्या डी२ मध्ये मोठं डिझेल इंजिन फिरवायला हे दोन सिलिंडरचं छोटं इंजिन असतं. सायलेन्सरवाटे पावसाचं पाणी आत गेलं की व्हॉल्व्ह अडकतात, रिंगा गंजतात. हातोडी मारून पिस्टन काढू नका. पातळ तेल सोडून मुरू द्या, घाई नको. दोन्ही इंजिनांचं कूलंट एकच असल्याने हेडला तडा आहे का, ते आधी तपासा. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) आणि कार्बोरेटर यांची दुरुस्तीही हातासरशी करून घ्या. आणि काम झाल्यावर पेट्रोलचा कॉक दरवेळी बंदच करा, नाहीतर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईतून गळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि नवीन बेअरिंगं पुन्हा जातात.