जत्रेआधी मागचं दार उघडून बघ

यात्रा समितीत नवीन आलास म्हणून सांगतो. मांडव, महाप्रसाद नंतर; आधी देवळाचं मागचं दार उघडून बघ. आमच्याकडं एकदा ऐन गर्दीत चक्कर आलेल्या आजींना बाहेर न्यायचं होतं, तर कुलूप गंजलेलं आणि किल्ली पुजाऱ्यांच्या घरी! तेव्हापासून जत्रेत ती किल्ली माझ्याच खिशात असते.

२५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या, चेंगराचेंगरी झाली, दुकानं पेटली, सिलिंडर फुटले. २९० हून जास्त माणसं गेली रे. म्हणून नारळ फोडायची जागा पायऱ्यांपासून लांबच ठेव. दुकानदार रुसले तरी वाटेतली दुकानं हलव. १०८ ची गाडी कुठवर येते, ते स्वतः चालून बघ. आणि भोंग्याला बॅटरी हवीच. लाइट गेली की लोक बिथरतात.