विचारा की! : “कुठलं पाणी?”

प्रश्न : मी एसवाय बीएला आहे. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेसाठी कॉलेजमधून माझं नाव गेलंय, विषय आहे ‘पुणे आणि पाणी’, वेळ सात मिनिटं. मी गुगल केलं, व्हिडिओ बघितले, एआयला सांगितलं तर त्याने मिनिटभरात अख्खं भाषण लिहून दिलं, मी खूश, पण माझी एक मैत्रीण दुसऱ्या कॉलेजमधून त्याच स्पर्धेत आहे आणि तिच्याकडेही जवळजवळ तेच भाषण निघालं! आमच्या मॅडम म्हणाल्या लायब्ररीत जा. गेले. कपाटं बघून परत आले. काउंटरवरच्या काकांना विचारलं, “पाण्यावरची पुस्तकं आहेत का?” तर ते म्हणाले, “कुठलं पाणी?” आणि हसले. तीन आठवडे राहिलेत, काय करू?
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : अगं, ते काका हसले म्हणून रागावू नकोस, तुझ्या तीन आठवड्यांतला पहिला आठवडा त्यांनी दोन शब्दांत वाचवलाय. खरंच, कुठलं पाणी? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळाने शहरात आणलं ते? १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पेठांमध्ये घुसलं ते? की आज तुमच्या सोसायटीत टँकरने येतं ते? सात मिनिटांत ही तिन्ही पाणी भरायला गेलीस तर एकही हंडा धड भरणार नाही.

मी एका कॉलेजच्या लायब्ररीत बरीच वर्षं काढली आहेत आणि स्पर्धेच्या सीझनला हे दर वर्षी बघायचो, पोरं येऊन “सर, पर्यावरणावर काहीतरी द्या” म्हणायची, मी पाच पुस्तकं काढून द्यायचो, ती तशीच परत यायची. विषय सांगितला की लायब्ररीत शंभर पुस्तकं निघतात आणि त्यातलं एकही वाचावंसं वाटत नाही. प्रश्न सांगितला की दोनच निघतात पण ती रात्री जागून वाचली जातात. म्हणून आधी वहीत एक प्रश्न लिही. नमुना म्हणून मी देतो, आवडला तर घे : पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं, तेही धरण गेलं, निम्मं शहर पाण्याखाली. पण शहराला प्यायचं पाणी यायचं ते त्याच खडकवासल्यातून ना? मग पूर ओसरल्यावर पुणेकर प्यायला पाणी कुठनं आणत होते? आता हा प्रश्न घेऊन काकांकडे जा आणि बघ ते कसे उठून उभे राहतात ते.

एक माझी फजिती सांगतो. मी फर्स्ट इयरला असताना याच पुरावर बोललो होतो, हातवारे, आवाज, टाळ्या, सगळं झकास झालं आणि त्या भरात “मुठा नदीवरचं पानशेत धरण” असं ठोकून दिलं. बक्षीस समारंभानंतर एक परीक्षक बाजूला घेऊन म्हणाले, “बाळ, पानशेत आंबी नदीवर आहे, तू नकाशा तरी बघायचास.” बक्षीस अर्थातच नव्हतं. आंबीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, मुठेवर टेमघर आणि या सगळ्यांचं पाणी खाली खडकवासल्यात येतं, हे आता मला झोपेत विचारलं तरी सांगेन. पुण्यात परीक्षक म्हणून समोर कोण बसलेलं असेल ते सांगता येत नाही बाई, पूर स्वतः बघितलेला माणूसही असू शकतो.

तर कामाला लाग. पहिल्या दिवशी फक्त रेफरन्स सेक्शन. तिथे मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड असतील, त्यातल्या पुणे, धरण अशा नोंदी वाच (विश्वकोश ऑनलाइनही फुकट आहे, पण खंड हातात घेतलास की शेजारची नोंदही वाचली जाते आणि बऱ्याचदा मजा तिथेच असते). हे वाचन भाषणात घालायला नाही, तुझी जमीन तयार करायला आहे. नकाशाही इथेच बघ, माझ्यासारखं नको करूस.

दुसऱ्या दिवशी कॅटलॉग. आता बहुतेक कॉलेजांत ओपॅक असतं, म्हणजे लायब्ररीच्या पुस्तकांची कॉम्प्युटरवरची यादी. इथे एक गोम आहे जी कुणी सांगत नाही. मराठी पुस्तकांची नावं बऱ्याच ठिकाणी इंग्रजी लिपीत टाइप केलेली असतात आणि टाइप करणाऱ्याने पाणी पी-ए-एन-आय लिहिलंय का पी-ए-ए-एन-आय हे देवालाच ठाऊक. एका स्पेलिंगने काही आलं नाही म्हणजे पुस्तक नाही असं समजू नकोस, चार प्रकारे मारून बघ. आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत पुणे नाही, पूना असतं, ते टाकल्याशिवाय अर्धं कपाट तुला दिसणारच नाही.

पुस्तक सापडलं की त्याचा कॉल नंबर, म्हणजे ते कपाटात कुठे आहे ते सांगणारा क्रमांक, लिहून घे आणि शक्य असेल तर स्वतः कपाटापर्यंत जा. ड्यूई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला आकडा देऊन लावलेली लायब्ररी असेल तर धरणं ६२७.८ ला, पाणीपुरवठा ६२८.१ ला आणि महाराष्ट्राचा इतिहास पार पलीकडे ९५४.७९२ च्या आसपास. तुझ्या एका प्रश्नाची उत्तरं अशी तीन कपाटांत विखुरलेली असणार, म्हणून एकाच रांगेत शोधून “काही नाही” म्हणत परत यायचं नाही. ८०८.५१ ला भाषण कसं करावं याची पुस्तकं असतात, त्यांच्या नादी तीन आठवड्यांत तरी लागू नकोस असं माझं मत.

आता खरी मेजवानी. पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, १८८५ चं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला अठरावा खंड, तीन भागांत. इंग्रजी आहे, भाषा थोडी जड आहे, पण कात्रजचा नळ, शहरातले हौद, सगळं त्या काळच्या माणसाने बघून लिहिलंय. कात्रजच्या नळावर ठरावीक अंतराने उच्छ्वास बांधलेले होते, म्हणजे आत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून दगडी बुरुजासारखं बांधकाम. आपण त्यांच्या शेजारून स्कूटर काढतो आणि तिकडे बघतही नाही. बदामी हौद, काळा हौद हे आपण पत्ता सांगताना म्हणतो, त्यात एकेकाळी खरंच पाणी होतं! आता मागचा प्रश्न आठव, खडकवासला रिकामं झालं तेव्हा या जुन्या हौद-विहिरींचं काय झालं असेल? मी उत्तर सांगत नाही, शोध. तुझ्या भाषणाचा जीव तिथेच आहे असं मला वाटतं.

त्यासाठी जुलै १९६१ ची वर्तमानपत्रं लागतील. जुन्या कॉलेजांत बाउंड व्हॉल्यूम, म्हणजे एकत्र बांधून ठेवलेले अंक असतात, आतल्या साठ्याच्या कपाटांत, धुळीत, ओढणी बांधून जा. ‘केसरी’ आणि ‘सकाळ’ दोन्ही बघ, एकच बघून थांबू नकोस. हेडलाइन सगळेच वाचतात, तू आतली पानं वाच. छोट्या जाहिराती, वाचकांची पत्रं, कुठे काय मिळतंय याच्या चार ओळींच्या बातम्या. पूर दुसऱ्या दिवशी कसा दिसत होता ते अग्रलेखापेक्षा या चार ओळींत जास्त कळतं. पानं पिवळी आणि ठिसूळ असतात, ओल्या बोटाने उलटायची नाहीत, नाहीतर काका परत कधीच हसणार नाहीत.

पण वर्तमानपत्रात धरण *का* फुटलं ते शोधू नकोस, त्या आठवड्यात ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. त्यासाठी सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल आहे, ग्रंथपालांना विचार कुठे बघायला मिळेल. आणि पुरानंतर बेघर झालेल्या माणसांचं पुढे काय झालं, गोखलेनगर, सहकारनगर भागात पूरग्रस्तांच्या वसाहती कशा उठल्या, यावर गोखले इन्स्टिट्यूटने अभ्यास केला होता, तो १९६७ साली इंग्रजीत पुस्तक म्हणून आला. मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा सापडेल, घाबरू नकोस, भाषणात आकडा दिलास तर कुणाचा तेही सांग, अर्ध्या वाक्याचं काम आहे आणि परीक्षक लगेच मान वर करतो.

घरी बसून करायचं असेल तर ग्रंथपालांकडून एन-लिस्टचा, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन लायब्ररीचा, युजर आयडी-पासवर्ड माग. बरीच अनुदानित कॉलेजं त्याची मेंबर असतात, जर्नल्स आणि ई-पुस्तकं घरून उघडतात, आणि पोरांना चार वर्षं पत्ताच नसतो की हे आपल्याला मिळतंय. शोधगंगा या वेबसाइटवर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत. अख्खा प्रबंध वाचायच्या फंदात पडू नकोस, शेवटची संदर्भसूची बघ, कुणीतरी पाच वर्षं घालवून तुझ्यासाठी यादी करून ठेवलीय.

आपल्या कॉलेजात नाही मिळालं तर तू पुण्यात आहेस हे विसरू नकोस. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय आहे, गोखले इन्स्टिट्यूटचं आहे, १८४८ पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर आहे, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. मात्र थेट जाऊन उभी राहू नकोस. आधी फोन करून वेळ आणि नियम विचार, आपल्या ग्रंथपालांचं पत्र आणि आयकार्ड जवळ ठेव, आणि काय बघायचंय ते साल-महिन्यासकट कागदावर लिहून ने. दुपारी एक ते चारच्या दरम्यान कुठे जायचं असेल तर मी काही बोलत नाही, तू पुण्याचीच आहेस.

टिपणं मोबाईलमध्ये नको, पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर काढ. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट आणि खाली पुस्तक, साल, पान नंबर. चाळीसेक चिठ्ठ्या झाल्या की जमिनीवर पसर आणि सात-आठ उचल, बाकीच्या राहू देत. जीवावर येतं, मला माहितेय, एवढं शोधून ठेवलेलं टाकायचं म्हणजे. पण प्रश्नोत्तराची फेरी असेल तर त्या उरलेल्या बत्तीस चिठ्ठ्याच तुला वाचवतील. एआयचं म्हणशील तर चिठ्ठ्या झाल्यावर वाक्यं घासूनपुसून घ्यायला वापर हवं तर, पण त्याने साल किंवा आकडा सांगितला की तो कपाटात जाऊन तपासायचा, मी स्वतः त्याला न लिहिलेली पुस्तकं छातीठोकपणे सांगताना बघितलंय.

आणि हो, तुमच्या शेजारी सत्तर-पंच्याहत्तरीचं कुणी पेठेत वाढलेलं असेल तर एक संध्याकाळ त्यांच्याकडे जा. पण लायब्ररीनंतर जा, आधी नको. वाचून गेलीस की “आजी, तुम्ही पाणी कुठल्या विहिरीवरून आणायचात?” असं विचारशील, न वाचता गेलीस तर “पूर कसा होता?” एवढंच विचारशील आणि त्या “फार वाईट होता गं” म्हणून चहा टाकायला उठतील.

प्रश्न : मला भाषणासाठी जे पुस्तक हवंय त्यावर ‘संदर्भ’ असा शिक्का आहे, घरी देत नाहीत. मोबाईलवर फोटो काढले तर चालतं का? मित्र म्हणतो कॉपीराइटचा लोचा होईल.
– एक इंजिनिअरिंगवाला, धनकवडी

उत्तर : तुझ्या अभ्यासापुरती लागतील तेवढी पानं घ्यायला कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५२ मध्ये वाजवी वापराची सवलत आहे. अख्खं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकायचं नाही, मित्राचा लोचा तिथे सुरू होतो. पण कायदा एक आणि लायब्ररीचा नियम एक, काही ठिकाणी जुन्या पुस्तकांना फोटो चालत नाही, फ्लॅश तर नाहीच, तेव्हा काउंटरवर विचारूनच काढ. आणि पहिला फोटो पुस्तकाच्या टायटल पेजचा, दुसरा त्याच्या पाठच्या पानाचा, जिथे साल आणि आवृत्ती असते. हे न करता अठ्ठावीस पानांचे फोटो घेऊन माझ्याकडे येणारे आणि “सर, हे कुठलं पुस्तक असेल हो?” म्हणणारे मी इतके बघितलेत की विचारू नकोस.