बायोडेटातलं ‘बी.कॉम.’

तासगाव तालुक्यातल्या 27 वर्षांच्या एका तरुणाचं पत्र आलंय. 2019 मध्ये एस.वाय.बी.कॉम.ला त्याचे दोन विषय राहिले, कॉर्पोरेट अकाउंटिंग आणि स्टॅटिस्टिक्स. घरी सांगायचं धाडस झालं नाही. टी.वाय.ची फी घरून घेतली, पण प्रवेश घेतलाच नाही. लॉकडाउन लागेपर्यंत रोज डबा घेऊन सकाळच्या एसटीने सांगलीला जायचं, वाचनालयात बसायचं आणि संध्याकाळी परतायचं, असं चाललं. 2021 मध्ये वडील गेले. तेव्हापासून तो ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात हिशेब सांभाळतो. आईला अजून वाटतं, पोरगा पदवीधर आहे. आता लग्नाच्या बायोडेटातही ‘बी.कॉम.’ छापलंय. तो विचारतो, ‘कुणाला कळू न देता पदवी पुरी करता येईल का? की एफ.वाय.पासून पुन्हा सुरुवात करू? मुलासारखा समजून सांगा.’

मुलासारखाच समजून लिहितो.

पदवी पुरी करता येईल. गुपचूप मात्र करू नकोस. 2019 साली तू दोन विषयांमुळे अडकलास, असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. दोन विषय राहिलेली कितीतरी पोरं एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, टी.वाय.ला बसतात आणि पुढच्या परीक्षेत ते काढतात. कॉलेजच्या खिडकीवर नुसतं विचारलं असतंस, तरी कळलं असतं. पण विचारलं तर घरी कळेल, या भीतीने तू खिडकीपर्यंत गेलाच नाहीस. आता तीच भीती सोबत घेऊन अभ्यासाला बसलास, तर पुस्तकं लपवण्यात आणि परीक्षेच्या दिवशी दुकानात काय कारण सांगायचं या विचारातच तुझी निम्मी ताकद जाईल.

आता एफ.वाय.चं. पहिल्यापासून सुरुवात करायची घाई करू नकोस. पास झालेले विषय तू कष्टाने कमावलेत. शरमेपोटी लोक ते सोडून देतात, हे मी फार वेळा पाहिलंय. एफ.वाय. आणि एस.वाय.ची गुणपत्रकं आणि पीआरएन नंबर (विद्यापीठाने दिलेला तुझा कायमचा नोंदणी क्रमांक) घेऊन आधी तुझ्या जुन्या कॉलेजात जा. परीक्षा विभागातल्या क्लार्कना तीन गोष्टी विचार. राहिलेल्या दोन विषयांना अजून बसता येतं का? जुना पॅटर्न बंद झाला असेल, तर त्यांच्या जागी धरले जाणारे समकक्ष विषय कोणते? आणि टी.वाय.ला प्रवेश मिळेल का? आपल्याकडे 2024-25 पासून संलग्न कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आलाय, त्यामुळे दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कॉलेजात उत्तर मिळालं नाही, तर एक दिवस रजा काढून कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात परीक्षा विभागात जा. तोंडी उत्तरावर परत येऊ नकोस. अर्ज दे आणि पोच घे. अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सबद्दल, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट ऑनलाइन साठवणाऱ्या खात्याबद्दल, तू विचारलंयस. ती योजना 2021 ची, तुझे गुण त्याआधीचे. ते तिथे आपोआप दिसतील असं धरून चालू नकोस.

तो रस्ता बंदच निघाला, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. 1989 पासून ते चाललंय, आणि नोकरी करताना तिथे शिकता येतं. मराठीतून बी.कॉम. करता येतं, पुस्तकं मिळतात, जवळचं अभ्यासकेंद्र निवडता येतं. आधीच्या वर्षांची सवलत मिळते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घे. वर्ग विशीतल्या पोरांचा असेल म्हणून तू घाबरतोयस. मुक्तच्या केंद्रावर तुझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठी माणसं शेजारी बसलेली दिसतील.

‘एका वर्षात पदवी, मागच्या तारखेची’ असं सांगणारा एजंट तुला भेटलाय, हे वाचून मला काळजी वाटली. त्याचा फोन पुन्हा उचलू नकोस. यूजीसीच्या संकेतस्थळावर बनावट विद्यापीठांची यादी असते आणि दूरशिक्षणाची मान्यता कुणाला आहे तेही कळतं. मागच्या तारखेची पदवी कुठलंही खरं विद्यापीठ देत नाही.

नोकरीचंही स्पष्ट सांगतो. पदवी हातात यायला दोनेक वर्षं धर. तोवर तू 29 चा होशील. बँकेच्या क्लार्कसाठी खुल्या गटाची मर्यादा 28 आहे, ती संधी गेली असं समज. एमपीएससीच्या राज्यसेवेला 38 पर्यंत वय चालतं, पण तुझ्या पत्रात त्याची ओढ मला दिसली नाही. मला दिसलं ते वेगळंच. तू लिहितोस, 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी रिटर्न) आणि 20 च्या आत 3बी (कर भरायचं रिटर्न) गेलं नाही, तर तुला झोप लागत नाही. एकदा पुरवठादाराने बिल अपलोड केलं नव्हतं म्हणून मालकांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकत होतं. तू रात्री साडेनऊला त्याच्या घरी जाऊन बसलास आणि ते करून घेतलंस. अकाउंट्समध्ये नापास झालेला मुलगा आज दुसऱ्याची वही एका नजरेत वाचतो. दुसऱ्यांची जीएसटी रिटर्न भरून देणारा नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर व्हायला वाणिज्यसारख्या शाखेची पदवी लागते. आज तुझं काम मालकांच्या नावाने जातं. पदवीनंतर रीतसर नोंदणी करून आजूबाजूच्या दुकानदारांचं काम तू स्वतःच्या नावाने घेऊ शकशील. तुझी पदवी मी याच कामाशी जोडून बघतो.

स्टॅटिस्टिक्स मात्र दुकानात शिकायला मिळत नाही. त्याला रोज पहाटेचा एक तास दे, आणि शक्य असेल तर एखाद्या शिक्षकाकडे दोन महिने बस. मालकांनाही आत्ताच सांग. परीक्षा 11 किंवा 20 च्या आसपास आली, तर रिटर्न कोण भरणार हे आधी ठरलेलं बरं.

आणि बायोडेटा. तो आजच थांबव. ज्या घरांत गेलाय, तिथे मामांमार्फत दुरुस्ती कळव: ‘बी.कॉम. अपूर्ण (एस.वाय.चे दोन विषय आणि टी.वाय. बाकी)’. एखादं स्थळ हातचं जाईल. पण लग्नानंतर एखाद्या मुलीला हे कळलं, तर ती तुझ्या कुठल्याच शब्दावर भरवसा ठेवणार नाही, आणि तिचं काही चुकणारही नाही.

तुझी गुणपत्रकं आईच्या ट्रंकेत आहेत, वडिलांच्या सातबाऱ्यांखाली, आणि किल्ली तिच्या कमरेला असते, असं तू लिहिलंयस. ती झोपलेली असताना काढू नकोस. रविवारी दुकान बंद असतं. दुपारी जेवणं झाली की तिच्याजवळ बस, किल्ली माग आणि कशाला हवी ते सांग. ती रडेल, चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. नंतर तीच विचारेल, फॉर्म कधी भरायचा.

गुणपत्रकं मिळाली की त्यांचे फोटो मला पाठव. कुठल्या विषयाला काय म्हणायचं, ते अर्ज लिहिताना आपण मिळून बघू.